थंडीची चाकं

अब्बासभाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी शारजात, रोल्लाच्या वडाखालच्या गाड्यांच्या स्टँडवर, त्यांचीच वाट बघत उभा होतो. रास अल खैमाहून सकाळी निघालेली त्यांची गाडी दुपारच्या नमाजापर्यंत यायला हवी होती. तिच्याऐवजी एका बलुची ड्रायव्हरचा ट्रक आला. तो खाली उतरला, सरळ माझ्याकडे आला आणि काही बोलायच्या आधी त्याने माझा हात धरला. तेव्हाच काय ते कळलं... वाटेत त्यांच्या छातीत कळ आली असावी. त्यांनी गाडी घट्ट जमिनीवर घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि मान मागे टेकली. मागे बसलेल्या उतारूंना वाटलं, म्हातारा दमला असेल, पडू दे जरा. बराच वेळ कोणी उठवलंच नाही. आता दीड-दोन महिने झाले, पण तो ओढलेला हँडब्रेक माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. जाताना सुद्धा माणसाने गाडी नीट उभी करून ठेवली.

आम्ही दोघे रत्नागिरीकडच्या एकाच खाडीकाठच्या गावचे. नात्याचे नव्हतो. माझे वडील लवकर गेले, पाचवीतच शाळा सुटली, आणि पुढे मोठा झाल्यावर मुंबईच्या बोटीने इकडे आलो तेव्हा ओळखीचं नाव एकच होतं. त्यांनी मला आपल्या खोलीत जागा दिली. आधी त्यांच्या गाडीवर सामान बांधायचो, मग शेजारी बसायचो, मग घट्ट रस्त्यावर स्टिअरिंग हातात मिळालं. मी भित्रा. इंजिनचा आवाज जरा बदलला तरी मी गाडी थांबवून बॉनेट उघडतो. इतर ड्रायव्हर त्यावरून हसायचे. अब्बासभाई म्हणायचे, "हसू दे रे. घाबरणारा माणूस पाणी-तेल बघून गाडी काढतो." आता ती गाडी माझ्याकडे आहे. गावाहून त्यांच्या बायकोने, खतिजाभाभींनी, बोटीवरच्या माणसाबरोबर निरोप पाठवला, की गाडी विकू नका, सलीमला चालवू द्या, आमचं घर तिच्यावरच आहे. निरोप ऐकला त्या दिवसापासून मला नीट झोप नव्हती. कारण थंडी येत होती, आणि थंडीतली गाडी मी कधी एकट्याने चालवलेली नव्हती.

वाचकांना वाटेल, वाळवंटात कसली आली थंडी! पण इथे पाऊस पडतो तो थंडीतच, दोन-चार दिवस, आणि तेवढा पुरतो. शारजा-दुबईच्या मध्ये खाऱ्या मातीचा सपाट पट्टा आहे, त्याला सबखा म्हणतात. उन्हाळ्यात तो पाटासारखा टणक. पाऊस पडला, की वरून तसाच दिसतो आणि खाली लापशी. आमची गाडी एका इंग्रज साहेबाकडून घेतलेली जुनी सलून मोटार. तिची चाकं उंच आणि अरुंद, सुरीसारखी आत जायची. पहिल्या थंडीत आम्ही रुतलो ते दुसऱ्या दिवशी ट्रकने ओढून काढलं. त्यानंतर स्टँडवरचा जो तो सांगू लागला, अब्बास, आणखी मोठी चाकं बसव, गाडी उंच कर. अब्बासभाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला घेऊन दुबईच्या देरा बाजारातल्या एका इराण्याच्या दुकानात गेले.

दुकानाच्या मागे, भिंतीला टेकून, चार चाकं धूळ खात पडली होती. लोखंडी रिंग आमच्यापेक्षा लहान, पण टायर असे जाड आणि दातेरी, की मगरीची पाठच. इराणी प्रामाणिक. म्हणाला, "ये मत लो, अब्बास. ये गलती से आया है. ठंडे मुल्क का माल है, बर्फ पे चलाने का."

"बर्फ कैसा होता है?" अब्बासभाईंनी विचारलं.

"मैंने किधर देखा है, हबीबी? बोलते हैं, नरम होता है, फिसलता है, गाडी अंदर जाती है."

"फिर तो सबखाच हुआ ना!"

इराणी हसला, मी नाही हसलो. मी म्हटलं, "भाई, चाक लहान म्हणजे गाडीचं पोट खाली येणार. वाळूला टेकलं तर?" त्यांनी मला जुनं चाक आणि नवं चाक शेजारी शेजारी उभं करायला लावलं. उंची जवळजवळ सारखीच. "बघ. लोखंड कमी झालं, तेवढं रबर वाढलं. लोखंडाला काही समजत नाही. रबर जमीन बघून बसतं." मग तिथेच एक चाक चढवून बघितलं. नटांची भोकं जुळतात का, आत ब्रेकच्या ड्रमला घासतं का. हाताने फिरवून, कान लावून त्यांनी तीनदा खात्री केली. दुकानदार कंटाळला. ते नाही कंटाळले.

आणि एवढं करून पहिल्याच दिवशी फजिती झाली. पावसाचा पत्ता नव्हता, आम्ही हौसेने चाकं चढवली आणि कोरड्या वाळूत गेलो. त्या दातांनी वाळू उकरायला जी सुरुवात केली, ती गाडी दारापर्यंत खाली. एक उंटवाला थांबला, विहिरीत बघावं तसं त्याने खड्ड्यात डोकावलं आणि विचारलं, "पानी लगा क्या?" मी शरमेने मेलो. अब्बासभाई मात्र असे हसले, की टायरलाच टेकून बसले. मग त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. मला काडी टायरच्या व्हॉल्व्हमध्ये दाबून धरायला सांगितली, आणि स्वतः चार पावलं मागे जाऊन उकिडवे बसले. हवा सूं-सूं करत जाऊ लागली, टायर पसरू लागला. "थांब... अजून... गावच्या हाजीसाहेबांसारखं पोट सुटू दे... अजून... बस!" त्यांची ती "बस" मी नंतर किती वेळा ऐकली. काडी माझी, नजर त्यांची. मला आजवर कळलेलं नाही, ते नेमकं काय बघून बस म्हणायचे.

त्या पसरट टायरांवरून स्टँडवर आमच्या गाडीला "चप्पलवाली" नाव पडलं. मग पाऊस आला. आणि त्याच पावसात माझी तार आली, आई अंथरुणाला खिळली आहे, लवकर ये. मुंबईची बोट दुबईच्या समोर समुद्रात उभी होती, दुपारी सुटणार होती. पुढची कधी, सांगता येत नव्हतं. सबखा पाण्याखाली. जीपवाले सुद्धा नाही म्हणाले. मी वडाखाली ट्रंक घेऊन बसलो, आणि मला रडायची पण भीती वाटत होती. अब्बासभाई चहा पीत होते. कप ठेवला, म्हणाले, "खलास? बसून झालं? यल्ला, चल." वाटेत सबखा लागला. मी डोळे मिटले तर म्हणाले, "उघडे ठेव. घाबरायचं तर बघून घाबर." दोन्ही बाजूंना गाड्या रुतलेल्या, माणसं गुडघाभर चिखलात, आणि आमची चप्पलवाली फतक-फतक करत, हळू, न थांबता... बोटीपर्यंत नेणाऱ्या लाँचमध्ये चढताना मी मागे वळून बघितलं, तर ते चाकांचा चिखल काढत होते. आईला मी भेटलो. तिने मला ओळखलं, माझ्या हातून पेज घेतली. ती गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होतो. परदेशात पोट भरणाऱ्या किती जणांच्या नशिबी हे असतं? त्यानंतर मी त्यांचे आभार मानायला गेलो, की ते विषय बदलायचे.

उन्हं तापू लागली, की ती चाकं निघायची. नरम रबर, गरम जमिनीवर खोडरबरासारखं झिजतं. बाहेर ठेवली तर ऊन खाणार, म्हणून अब्बासभाई ती पोत्यांत गुंडाळून आपल्या खाटेखाली ठेवत. उन्हाळाभर खोलीत रबराचा वास. मी कुरकुर केली, की म्हणत, "तुला नको असेल तर तू बाहेर झोप. ती पाव्हणी आहेत, थंड मुलखाची."

गेल्या आठवड्यात त्यांचा मुलगा युनूस, विशीतला, बापाची कबर बघायला बोटीने दुबईला यायचा होता, त्याला मी आणायचं होतं. आदल्या दिवशी वायव्येकडून ढग आले आणि पाऊस कोसळला. ज्याला बोलवावं असं कोणी उरलं नव्हतं. मी खाटेखाली वाकलो. पोती निघाली, चाकं निघाली. एकट्याने चढवली, नट आवळले, पुन्हा आवळले. मग काडी घेऊन बसलो. हवा जाऊ लागली. मी मान वळवून मागे बघितलं, सवयीने... टायर पसरत गेला. शेवटी मीच मोठ्याने म्हटलं, "बस." अंगणातली कोंबडी तेवढी दचकली.

जाताना गाडी दोनदा घसरली. डोळे उघडे ठेवले. येताना युनूस शेजारी होता, त्याला यातलं काही कळलं नाही, तो बाहेरचं पाणी बघत होता. ते बरंच झालं. कबरीवर जाऊन आम्ही खोलीवर आलो. तो बापाच्या खाटेवर बसला, इकडे-तिकडे बघितलं आणि विचारलं, "सलीमचाचा, हा कसला वास?" मी म्हटलं, रबराचा, जाईल हळूहळू. तो म्हणाला, "नको, जाऊ देऊ नका. अब्बा सुट्टीवर आले, की ट्रंक उघडल्याबरोबर हाच यायचा. आम्हाला वाटायचं, परदेशाचा वास असतो." आणि तसाच आडवा झाला, पायातले बूटही न काढता. प्रवासाने दमला होता.

त्या खाटेखाली जमिनीवर चाकांचे चार गोल डाग आहेत. मी पोती धुऊन वाळत घातली आहेत. ऊन तापलं, की चाकं काढायची, पुसायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची.