कार्ड मागणारी गाडी

दुपारचं जेवण आटोपून शरयू घाग पडवीतल्या बाकड्यावर आडवी होते, तेव्हा तिच्या मुठीत गाडीची चावी आहे. पाच वाजता कोल्हापूरचे शेळके विकत घेतलेली गाडी न्यायला येणार आहेत. तोवर डोळा लागू द्यायचा नाही, असं ठरवूनच ती पडते. असं ठरवलं की झोप हटकून लागते.

समोर अंगणात ती गाडी उभी आहे. चौकोनी, उंच, टपावरही काचा, मागे शिडी, खिडक्यांना पडदे. तिच्या नवऱ्याने, दिगंबरने, योकोहामाच्या बंदरात अकरा वर्षं काढली, आणि परतताना सोनंनाणं आणायचं सोडून चारही चाकांनी ओढणारी ही व्हॅन जहाजातून आणली. सड्यावरच्या, घाटमाथ्याच्या कातळपठारावरच्या, वाडीने तिचं नाव पाडलं पेटी. दिगंबरचा जीव की प्राण ती. स्टिअरिंगपुढे एक गोल तबकडी, तिच्यात पेटीचं एवढंसं चित्र. गाडी जेवढी कलेल तेवढं चित्र कलायचं. ते दाखवायला तो पाहुण्यांना मुद्दाम खड्ड्यातून फिरवायचा. आणि चावी फिरवली की आतून एक जपानी बाई बोलायची. वाडीला वाटायचं, देवाचं नाव घेते. दिगंबर सांगायचा, टोलचं कार्ड मागते बिचारी, वीस वर्षं मागते आहे, सड्यावर कुठलं द्यायचं?

दिगंबरला जाऊन सात महिने झाले.

"काय गो, झोपलीस?"

तो गाडीची पुढची काच पुसत उभा आहे, बनियनवर, जुन्या धोतराचा बोळा घेऊन. आज ती जायची आहे, पुसताय कशाला, असं शरयू म्हणते. तो म्हणतो, जाताना नीट जाऊ दे. तो मेलेला आहे याचं तिला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते त्याच्या पायात चपला आहेत याचं. त्या दिवशी त्याला रिक्षात घातलं तेव्हा चपला इथेच राहून गेल्या होत्या.

"चल, एक फेरी मारू," तो म्हणतो.

ती डावीकडे बसते. तो छोटा दांडा ओढून चारही चाकं लावतो आणि पेटी पडवीची पायरी चढून माजघरातून जाते. एक भांडं पडत नाही. चुलीपाशी तबकडीतलं चित्र थोडं कलतं, पुन्हा सरळ होतं. मग सडा आहे, पिवळं गवत आहे. शरयू टपाच्या काचेतून वर बघते तर पाणी आहे, आणि पाण्याच्या वर कुणीतरी कळशी सोडतं आहे. दिगंबर वायपर लावतो आणि घरच्याच विहिरीत असल्यासारखा आरामात चालवत राहतो.

पाणी ओसरतं ती जागा तालुक्याच्या इस्पितळाची ओसरी आहे. नर्स भिंतीला टेकून गाडीला वाट देते.

"बघ किती वाजले," तो म्हणतो. रागाने नाही म्हणत.

शरयू भिंतीवरचं घड्याळ बघते. घरून इथवर पंचवीस मिनिटं लागली आहेत.

दोन हिवाळे त्याने तिला सड्यावर गाडी शिकवली होती. तिची उंची बेताची, म्हणून सीट पार पुढे सरकवायची आणि खाली तिच्या लुगड्याची गोधडी घडी करून ठेवायची. सपाटीवर ती छान चालवायची. घाटात कधी उतरली नव्हती. त्या दुपारी बाकड्यावर दिगंबरच्या छातीत कळ आली, तेव्हा तिने रिक्षाला फोन केला आणि रिक्षा खालून वर यायलाच चाळीस मिनिटं गेली. घाट का बाईमाणसाच्या हातचा आहे, असं तेराव्याला आलेला प्रत्येक जण म्हणाला. तिनेही मान हलवली. फोन करण्याआधी काय झालं ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

"अहो, एक बोलायचं होतं."

"ती बाई बोलली," दिगंबर म्हणतो. "बाकड्यावरून ऐकलं मी. तिने कार्ड मागितलं. मग गप्प झाली."

खरं आहे ते. ती गाडीत बसली होती, चावी फिरवली होती. मग फाटकापुढचा उतार आणि पहिलं वळण तिला दिसलं, आणि तिने चावी उलटी फिरवली.

"तुम्हाला काय वाटलं तेव्हा?"

"वाटलं, आलीस. वाट बघत होतो."

ती रडते. तो समजूत घालत नाही. जिवंतपणीही त्याला ते कधी जमलं नव्हतं. तो खिडकीचा पडदा दांडीवर नीट करत बसतो.

"तुम्ही वाचला असता का हो?"

"ते मला ठाऊक नाही, शरू. खरंच नाही." तो पडदा सोडतो. "पण मागे मी आडवा नि पुढे तू, असा गेलो असतो तर मला बरं वाटलं असतं."

तो उतरतो. सरक इकडे, तुझ्यासाठी सीट पुढे घेतो, म्हणतो. सीट करकरत सरकते. गोधडी कुठे ठेवलीस, विचारतो. ती सांगते, मागच्या खोलीत, ट्रंकेत. तो नेहमीसारखा च्च करतो आणि चपला वाजवत आत जातो.

फाटकाची कडी वाजते आणि शरयू उठून बसते. तळहातात चावीचे दात उमटले आहेत. शेळके आले आहेत, सहा फुटी माणूस. ती गाडीचं कुलूप काढून देते. काल शेजारच्या भिकाजीने गाडी धुवून लावली, तेव्हा आपल्या लांब टांगांसाठी त्याने सीट शेवटपर्यंत मागे ढकललेली तिने स्वतः पाहिली होती. त्यानंतर चावी तिच्याकडेच आहे.

शेळके आत शिरायला जातात आणि त्यांचा गुडघा स्टिअरिंगला आपटतो. सीट पार पुढे आहे. सीटवर घडी केलेली गोधडी आहे.

"बारक्या चणीचं कोण चालवत होतं काय ही?" शेळके विचारतात.

"मी," शरयू म्हणते.

ती त्यांना सांगते, घाटातून ही मीच उतरवते. तुम्ही शेजारी बसा, आणि खाली इस्पितळाच्या दारापासून पुढे गाडी तुमची. शेळके घाटाकडे बघतात, तिच्याकडे बघतात आणि मुकाट्याने डावीकडे जाऊन बसतात.

शरयू गोधडीवर बसते. चावी फिरवते. बाई कार्ड मागते. शरयू तिचं बोलणं पुरतं संपू देते आणि गाडी चालू करते. फाटकाबाहेर उतार लागतो, तबकडीतलं चित्र पुढे झुकतं, पहिलं वळण येतं आणि मागे पडतं.

पंचवीस मिनिटांचा तर रस्ता आहे. मागच्या सीटवर कुणी नाही.