चाखण्यापूर्वीचा घास

सौदी अरेबियातील राबिघच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाजवळील कामगार-वसाहतीत मी भोजनालयाचे भांडार सांभाळीत असे. परकीयांच्या जागी देशातील तरुण नेमण्याचे धोरण तेव्हा जोरात होते. नवे सौदी व्यवस्थापक रुजू झाले आणि त्यांनी आमच्या बालीच्या आचाऱ्याला बजावले, "बुधवारी तुझ्या गावचे जेवण कर. मी स्वतः चाखेन. आवडले तर इकाम्याच्या अर्जावर सही, नाही तर खलास."

इकामा म्हणजे तिथे राहून काम करण्याचा परवाना. आचाऱ्याच्या दोन मुली बालीत त्याच्याच पगारावर शिकत होत्या.

तो हिंदू होता. स्वयंपाक झाला की केळीच्या पानाच्या तुकड्यावर चिमूटभर भात ठेवून तो शेगडीच्या कडेला अर्पण करी. मला घरच्या वैश्वदेवाचे स्मरण होई. परंतु त्या देशात असे काही उघड्यावर दिसणे धोक्याचे होते. म्हणून मंगळवारीच मी त्याला सांगितले, "उद्या पान ठेवू नकोस."

"बरं, बापाक," तो म्हणाला. वडीलधाऱ्यांना ते असेच संबोधतात.

बुधवारी त्याने बेतुतू केले: मसाला भरून, केळीच्या पानात बांधून मंद आचेवर शिजवलेली कोंबडी. गवती चहाच्या काड्यांवर माशाचा खिमा थापून भाजला. ते साते लिलित. आणि उराप, म्हणजे उकडलेल्या पालेभाज्या व शेंगा, ओल्या नारळात कालवलेल्या. मी शाकाहारी, माझा उराप तो कोळंबीचा मसाला वगळून वेगळा काढी. कोकणातल्या माणसाने तो एकदा तरी खावाच.

साहेब यायला दहा मिनिटे उरली होती.

"मीठ बरोबर आहे ना?" मी सहज विचारले.

"माहीत नाही, बापाक. चाखलं नाही."

"अरे, का?"

तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. "आधी द्यायचं, मग चाखायचं. तुम्हीच म्हणालात, आज द्यायचं नाही."

नैवेद्यापूर्वी अन्नाला जीभ लावू नये हे मुंजीपासून पाळणाऱ्या मला एवढे उमगू नये! मी केवळ पान बंद केले असे समजत होतो.

"ठेव. आत्ता ठेव. मी दाराशी उभा राहतो."

त्याने घाई मुळीच केली नाही. पान कापले, भात ठेवला, डोळे मिटले. बाहेर पावले वाजू लागली. मग त्याने उराप चाखला आणि कपाळावर हात मारला. "अगदीच अळणी!" मीठ घालून तो कालवीत असतानाच दार उघडले.

साहेबांनी उभ्यानेच सारे चाखले; चेहऱ्यावरून काही कळेना. भांडे पाहायला ते शेगडीपाशी गेले आणि थांबले.

"हे काय?"

आचाऱ्याचा हात भांड्यातच राहिला.

"देवासाठी काढलेला घास आहे," मी म्हणालो. "आधी तो काढल्याशिवाय हा अन्न चाखत नाही."

त्यांनी पानाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"माशा बसतील. झाका," ते म्हणाले आणि उरापचा आणखी एक घास घेतला. "अर्ज दुपारी पाठव."

आचाऱ्याने पानावर स्टीलची वाटी पालथी घातली. भांडाराच्या मोजणीत ती वाटी मी पुन्हा कधीच मागितली नाही.