साहेबांचा उपास

इस्त्रीवाल्या मावशींच्या दुकानात खुर्ची एकच, आणि ती कुत्र्याची. मावशी दिवसभर उभ्या, कुत्रा बसलेला. म्हणून गिऱ्हाइकांनी त्याचं नाव साहेब ठेवलं. कामाच्या नावानं शून्य, पण रुबाब बघावा!

त्या साहेबांच्या पोटात गाठ निघाली. आठ दिवसांत इतके वाळले की गळ्यातला पट्टा कानांवरून निसटायला लागला. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर दवाखान्यात पंधरा दिवसांतून एकदाच यायचे, तेही सकाळी दोन तास. "हा वार चुकवू नका," असं तिथल्या रोजच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. वर फोनवर पुन्हा सांगितलं, "पोट रिकामं हवं. भूल दिल्यावर उलटी झाली तर ती छातीत जाते, जीव जातो."

मावशींनी कशात म्हणून कसूर ठेवली नाही. साहेबांचं भांडं पालथं घातलं. जुनी चादर इस्त्रीनं ऊन केली आणि कपडे पोचवायच्या हातगाडीत अंथरली. एक्स-रेची पिशवी दांड्याला अडकवली. आता पट्ट्याला नवं भोक पाडायचं, तर खिळा सापडेना. तो शोधायला मागच्या खोलीत जाताजाता त्या सासूबाईंना म्हणाल्या, "आई, आज साहेबांचा उपास आहे हं."

मुलगा गेला तेव्हापासून सासूबाईंचं डोकं कधी जाग्यावर, कधी नाही. सुनेला 'ए बाई' म्हणायच्या. बोलायच्या त्या फक्त साहेबांशी.

मावशी खिळा घेऊन आल्या तर साहेबांच्या मिशांना पांढरे थेंब आणि सासूबाईंच्या हातात रिकामी वाटी.

"अहो आई, हे काय करून बसलात!"

"उपासाला दूध चालतं की," सासूबाईंनी ठणकावलं. "आजारी जिवाला निर्जळी करायला लावतेस? बघ, माझ्या हातचं कसं घटाघटा प्याले!"

आठ दिवस कशाला तोंड न लावणाऱ्या साहेबांनी आज वाटी चाटूनपुसून लख्ख केली होती. मावशींना रडावं की ओरडावं कळेना. आणि बोलायचं तरी कुणाला? शब्द मावशींचाच. 'पोट रिकामं ठेवायचंय' म्हटलं असतं तर जीभ झिजली असती का? पण नाही, उपास म्हणे! कपाळ माझं!

हातगाडी ढकलताना त्या स्वतःची समजूत घालत होत्या. वाटी ती केवढी? चार घोट दूध. दवाखाना येईपर्यंत जिरूनसुद्धा जाईल. कोणाला कळणार आहे?

"उपाशी आहे ना?" डॉक्टरीणबाईंनी दारातच विचारलं.

"हो," मावशी म्हणाल्या.

साहेबांना टेबलावर घेतलं. पायावरचे केस भादरले. मोठ्या डॉक्टरांनी सुई भरली. साहेबांनी हनुवटी मावशींच्या मनगटावर टेकली आणि उसासा टाकला. त्यांच्या तोंडाला दुधाचा वास येत होता.

"थांबा!" मावशी किंचाळल्या. "दूध प्यालाय तो. मी खोटं बोलले."

मोठ्या डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "मग आज नाही."

"संध्याकाळी करा. पाया पडते तुमच्या."

"बाराला माझी गाडी आहे, बाई. तोवर पोट रिकामं होणार नाही."

"मग पंधरा दिवस निघतील का हो याचे?"

मोठे डॉक्टर हातमोजे काढत राहिले. डॉक्टरीणबाईंनी साहेबांच्या पोटावरून हात फिरवला. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आता त्याला आवडेल ते खाऊ घाला."

परतीच्या रस्त्यावर मावशी मोठ्यानं रडल्या. लोक बघत होते, बघोत. चादर केव्हाच गार झाली होती.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. हातगाडी दिसताच पुढे आल्या.

"सोडला का गं उपास साहेबांनी?"

मावशींनी साहेबांना उचलून खुर्चीत बसवलं. आत जाऊन दूध कोमट केलं. तीच वाटी भरली आणि सासूबाईंच्या हातात दिली.

"नाही, आई. तुम्हीच सोडवा."