कोळंबीची शेपटी

सोलणाऱ्या ताईंचं आणि नाकदादांचं जुळलंय, ही कुजबुज धक्क्यावर तीन हंगाम पुरली. पहिल्यांदा कोण बोललं ते विचारू नका. असल्या पोराला बाप नसतो, पण कडेवर सगळेच घेतात.

नाकदादा कोळंबीच्या कारखान्यात वास घ्यायच्या कामावर होते. तिथं येणारी कोळंबी तळ्यात पोसलेली नव्हे, खुल्या समुद्रातली. वर्षाचे चार महिने मोजक्या होड्यांनी धरायची, बाकीचे महिने तिच्या विणीसाठी समुद्र बंद. म्हणून तिचा तोरा मोठा. प्रत्येक पेटीतली एक कोळंबी बिनमिठाच्या पाण्यात उकळायची आणि दादांनी हुंगून, चाखून बघायची. दादांची मान डोलली तर पेटी परदेशी, नाहीतर खताच्या खड्ड्यात.

आणि एका तापात दादांचं नाक गेलं. जिभेची चवही त्याच वाटेनं गेली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरं काम कोण देणार? दादा रोजच्यासारखे हुंगत, चाखत राहिले.

कोळंबी उकळायचं काम ताईंकडे. नासलेली कोळंबी दादा समाधानानं चघळताना दिसले आणि त्या काय ते समजल्या. नवरा गेल्यावर त्यांना कामाला लावलं होतं ते दादांनीच. त्या दिवसापासून ताई आधी स्वतः हुंगून बशी पुढं ठेवू लागल्या: बशीतली शेपटी दादांकडे असली की माल खराब, भिंतीकडे असली की चांगला. आता एवढ्यासाठी दोघांनी खेटून उभं राहणं आलंच. बाकीच्या सोलणाऱ्यांचे हात कोळंबीवर, डोळे तिकडे.

गोष्ट दादांच्या घरी पोचली. बायको म्हणाली, "एकदा नाही म्हणा, मी विसरून जाईन."

दादा नाही म्हणाले.

"मग ती इतकी चिकटून का उभी राहते?"

दादांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. कारखान्याचा मॅनेजर बायकोचा सख्खा भाऊ, आणि बायकोच्या तोंडात तीळ भिजत नसे.

बहिणीचा संसार सावरायला मेव्हण्यानं ताईंनाच कामावरून काढलं. फाटकाशी त्या थांबल्या. हातमोजे अजून ओले होते.

"दादा, तुमची नोकरी राखता राखता माझी अब्रू गेली. आता तरी मॅनेजरना खरं सांगा."

दादा स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. ताई वाट बघून गेल्या, त्या गावातूनच गेल्या.

पुढं दादा भ्यायले. चुकून खराब माल जायला नको म्हणून चांगल्या पेट्याही नाकारू लागले. आठ महिने समुद्र बंद ठेवून राखलेली कोळंबी खड्ड्यात जाऊ लागली. एका होडीवाल्याला संशय आला. त्यानं एकाच जाळ्यातली, एकाच वेळची कोळंबी दोन पेट्यांत भरली आणि दोन्ही पुढं ठेवल्या. दादांनी एक पास केली, दुसरी नापास. होडीवाल्यानं सगळ्यांसमोर दोन्ही पेट्या एकमेकींत ओतल्या आणि म्हणाला, "आता सांगा, दादा."

दादांचं नाक गेल्याचं सगळ्यांना कळलं. नोकरी त्याच दिवशी गेली. बायको भावाकडे राहायला गेली. ताईंना परत बोलवायचं कुणाला सुचलं नाही. उलट धक्क्यावर म्हणू लागले, नाक गेलं असेल, डोळे तर शाबूत होते ना.

खरं एवढंच, की दादांना वास येत नव्हता आणि ताईंना येत होता. दोघांत दुसरं काही नव्हतं.