दुकानामागची खोली

महाडमध्ये एका कर सल्लागाराकडे मी अकरा वर्षं लोकांचे हिशेब लिहिले. काम माझं, सह्या साहेबांच्या. चौतिसाव्या वर्षी ठरवलं, पोलादपूरला, माहेराजवळ, स्वतःचं काम सुरू करायचं.

जागा मिळेना. तेव्हा बांधकाम साहित्याच्या एका दुकानदाराने दुकानामागची खोली देऊ केली. "भाडं नको, ताई. आमचं तेवढं लिहीत जा."

"त्याच्याकडून काही लिहून घेतलंस का?" नवऱ्याने विचारलं.

"भला माणूस आहे," मी म्हटलं.

खोलीला बाहेरून दार नव्हतं. माझ्याकडे यायचं तर दुकानातून, त्याच्या गल्ल्यासमोरून यावं लागे. बाजारातले दुसरे दुकानदार आपली बिलं घेऊन तिथून कशाला येतील? कोणी आलंच, तर तो हसून विचारायचा, "काय काम काढलंत?" माणूस पावशेर खिळे घेऊन परत जायचा. सहा महिन्यांनी माझं गिऱ्हाईक एकच होतं, तो स्वतः. मग बँकेत जाणं, लाइटबिल, त्याच्या मुलीचा कॉलेजचा फॉर्म, सगळं माझ्याकडे आलं. दुपारी तो जेवायला गेला की दुकानही मीच सांभाळायची. नोकरी सोडून मी पुन्हा नोकरीलाच लागले होते, तीही बिनपगारी. घरी कोणाला सांगणार? सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, सून मालकीण झाली.

मार्चमध्ये त्याने सिमेंट खरेदीची चार बिलं टेबलावर ठेवली. "एवढी चढवून टाका."

गोदाम माझ्या भिंतीला लागूनच. गाडी रिकामी व्हायला लागली की माझं टेबल हादरायचं. मी म्हटलं, "दादा, हा माल आलाच नाही."

"तुम्ही गाड्या मोजायला बसलायत का?" तो हसतच होता. "खोलीत काही कमी नाही ना?"

मी बिलं चढवली. हे लिहिताना आजही लाज वाटते.

दोन दिवसांनी एक बाई आली. नवरा आखातात, इथे ती एकटीने बेकरी चालवायची. दारातच थांबून हळू आवाजात म्हणाली, "मी दोनदा येऊन परत गेले, ताई. तुम्ही यांच्याकडं कामाला हाय ना?"

"नाही. हे माझं ऑफिस आहे."

तिने खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात फरशांचे नमुने, भिंतीवर सिमेंटचं कॅलेंडर. "मग पाटी कुठं हाय तुमची?"

तिने पिशवी छातीशी धरली आणि ती निघून गेली.

जीएसटीचं रिटर्न अजून भरायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या चारही नोंदी काढून टाकल्या आणि त्याला तसं सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, "मग संध्याकाळपर्यंत खोली मोकळी करा." माझा कॉम्प्युटर मी चादरीत गुंडाळला आणि एसटीने मांडीवर धरून महाडला घरी आणला.

आता महाडला एसटी डेपोमागे भाड्याचा गाळा आहे. मी हिशेबाचा घोळ केला, असं त्याने बाजारात पसरवलं, त्यामुळे पोलादपूरचं कोणी फिरकत नाही. बेकरीवाली तेवढी येते, बिलांबरोबर खारी घेऊन. गाळ्याचं भाडं निघेल इतकं काम जमायला वर्ष गेलं. नवरा विचारतो, सुटलीस ना? रिटर्न भरायची मुदत, महिन्याची वीस तारीख, उलटेपर्यंत मला मान वर करता येत नाही. आई आजारी आहे, एसटीने तासाभराच्या आत पोचेन. रजा कोणाकडे मागायची नाही, तरी या महिन्यात एकदाही जाणं झालेलं नाही.