शेजाऱ्याच्या दारात वाटलेला गूळ

नवरा खटल्यातून सुटला म्हणून मी फिर्यादीच्याच दारात गूळ वाटायला गेले, एवढी मी शहाणी! वाळत्या हिरड्यांचा तुरट वास आला की अजून ते आठवतं. बांधावरच्या झाडाचे हिरडे आम्ही झोडले. झाड आपलं आहे असं म्हणत शेजाऱ्यानं घरधन्यावर चोरीची फिर्याद ठोकली. घोडेगावच्या कचेरीत तारखेला मात्र शेजारी गेलाच नाही. भातलावणी टाकून कोण जातं? फिर्यादीच हजर नाही म्हणून न्यायाधीश साहेबांनी फिर्याद काढून टाकली. शेजारी गप्प बसलाही असता, पण मी पदर खोचून त्याच्या ओट्यावर हजर! "घ्या भावजी, तोंड गोड करा. तुमचा चोर सुटला!" तो चिखलाच्या पायांनीच उठला आणि थेट घोडेगावला जाऊन पुन्हा फिर्याद देऊन आला. मी कचेरीतल्या कारकुनापुढं रडले, तर तो म्हणाला, "बाई, खटला चाललाच कुठं व्हता? निर्दोष ठरल्याबिगर सुटका पक्की न्हाई." आता घरधनी तुरुंगात जाणार, याची मला खात्रीच झाली. शेजाऱ्यानं साक्षीला आपली म्हातारी आई आणली. साहेबांनी झाड कोणाचं ते विचारलं, तशी ती ताडकन बोलली, "त्यांचंच हाय! माझा ल्योक लई हट्टी." साहेब "निर्दोष" म्हणाले आणि मी भर कचेरीत टुणकन उडी मारली! परतीच्या वाटेवर घरधनी थांबले, माझ्याकडं वळून म्हणाले, "पयली फिर्याद त्याची व्हती, दुसरी तुझी. तिसरी करायच्या आधी सांग, म्हंजी मी आधीच तुरुंगात जाऊन बसतो."