माधवची होडी करंजाच्या पाण्यात

डॉक्टर म्हणाले होते, प्रवास टाळा. माधव म्हणाले, "उरणला जाणं म्हणजे काय प्रवास आहे का?"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा जानेवारी होता. माधव, म्हणजे माझे मिस्टर, पनवेलच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी उरणजवळच्या करंजाच्या एका नाखव्याकडून जुनी शिडाची होडी घेतली होती. नाखव्याने इंजिनाची बोट केली आणि ही किनाऱ्यावर वाळत पडली. पनवेलजवळच विचुंब्याला एका मित्राच्या आवारात ठेवून माधव दर रविवारी ती दुरुस्त करत. कुजक्या फळ्या बदलल्या, डोलकाठी नवी बसवली. शीड मी घरच्या मशीनवर शिवलं, तेही कुरकुरत. आमचे सगळे रविवार खाल्ले म्हणून त्या होडीचा मला रागच होता.

दिवाळीनंतर माधवना यकृताचं दुखणं निघालं. पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून जे सांगितलं, ते माधवनी मी बाहेर आल्यावर माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. घरी येताना एवढंच म्हणाले, "होडी पाण्यात टाकू या."

टेम्पोत मागे होडी आणि पुढे ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघं, असे सकाळी निघालो. जासईला चहाला थांबलो. मी माधवसाठी डब्यात मऊ भात घेतला होता. माझ्या बशीतल्या गरम वड्याकडे बघून ते म्हणाले, "तू खा. मी नुसता बघतो." पुढे दोन्ही बाजूंना मिठागरं, आणि समोरून ट्रक आला की आमचा टेम्पो कडेच्या मातीत. प्रत्येक धक्क्याला माधव मागे वळून होडी बघायचे.

करंजाला नाखवा आणि दहा-बारा माणसं वाट बघत होती. नाखव्याच्या बायकोने, हिराबायने, नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. सगळ्यांनी जोर लावला आणि होडी पाण्यात सरकली. माधवनी टाळ्या वाजवल्या. पाच-दहा मिनिटांत आत घोट्यापर्यंत पाणी. टाळ्या वाजवलेले हात त्यांनी खिशात घातले.

"घाबरू नका साहेब," नाखवा म्हणाला. "लाकूड सुकलंय. दोन दिस पाण्यात राऊ द्या. फळ्या फुगतील, फटी मिटतील."

"दोनच दिवस ना?" माधवनी विचारलं. डॉक्टरांना विचारायचे, त्याच आवाजात.

आम्ही एका दिवसासाठी आलो होतो. नाखव्याने घरी नेलं. हिराबायने आम्हाला बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी केली, माधवसाठी वेगळी बिनमिठाची पेज. दुसऱ्या दिवशी मागच्या दारी भांडी घासताना तिने विचारलं, "बाय, खरं सांग. काय झालंय यांना?" तोवर मी कुणालाच सांगितलं नव्हतं, सासूबाईंनासुद्धा नाही. तिला सांगितलं. तिने हात धुतले, आत गेली, आणि माधवची खाट ओढून खिडकीशी लावली. तिथून होडी दिसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाखवा सांगत आला, "पाणी थांबलं. चला!" पण माधवना ताप होता. गावातल्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून धक्क्यावर आणलं. पायऱ्या मात्र स्वतःच उतरायच्या होत्या त्यांना. दुसऱ्या पायरीवर ते खाली बसले. श्वास लागला होता.

"तू जा," ते म्हणाले.

"मी? मला पोहता येत नाही."

"होडीला येतं ना. जा. आपल्यातलं कुणीतरी हवं आत."

मी गेले. नाखवा सुकाण्यावर बसला, शीड वर चढलं. समोरच्या रेवसच्या बाजूला थोडं अंतर जाऊन आम्ही परत आलो, अर्धा तास झाला असेल. निघताना मागे बघितलं, तर माधव पुन्हा खुर्चीत, उन्हासाठी डोळ्यांवर हात आडवा धरून बसलेले. होडी लांब गेली तसे ते लहान लहान होत गेले. मग धक्क्यावरच्या माणसांत ते नेमके कुठले, तेच मला कळेना. तेव्हा मला रडू फुटलं. नाखव्याने तोंड फिरवलं. "वारा बरा हाय आज," एवढंच म्हणाला.

होडी नाखव्याकडे ठेवून आम्ही एसटीने पनवेलला परतलो. माधव पुन्हा फारसे उठले नाहीत. मार्चमध्ये ते गेले. होडी मी नाखव्यालाच देऊन टाकली.

तुमच्यापैकी कुणी करंजाला जाणार असाल तर थंडीत जा, सकाळी लवकर पोचा. रस्ता आता रुंद आहे, पण जासईच्या पुढे कंटेनरच्या रांगा लागतात.

तेव्हा करंजाहून परतल्यावर माधव रोज संध्याकाळी अंथरुणातून काहीतरी विचारायचे. नाळ उचलत होती का? सुकाणू जड होतं का? मी सुचेल ते उत्तर द्यायची. एकदा म्हटलं, वारा समोरून होता. ते हसले. "समोरून असता तर नाखवा तुला घेऊन निघालाच नसता."

मग मी खरं सांगितलं. "मी शीड बघितलंच नाही. सगळा वेळ तुमच्याकडे बघत होते."

"बरं, मग मी सांगतो," ते म्हणाले, आणि सुरुवातीपासून सांगायला लागले. वारा डावीकडून होता. शीड आधी दोनदा फडफडलं, मग भरलं. वळताना होडी थोडी कलली, तेव्हा मी काठाला धरलं. येताना तिचा वेग जास्त होता.

त्या सफरीतलं मला आज जे काही आठवतं, ते त्यांनी सांगितलेलं आहे.